अकरावा मजला

माझं कामच लिफ्टचं.
चौदा वर्षं शारजात दोर तपासतोय,
ब्रेकच्या पट्ट्या बदलतोय,
आणि माझीच पोरगी, सव्वापाच वर्षांची सावनी,
लिफ्टच्या दारात पाय रोवून उभी.

ऑगस्ट. अबू शगारातली जुनी इमारत.
अकरा मजले जिन्याने:
ती खांद्यावर, दप्तर गळ्यात, खबुसची पिशवी मनगटाला.
सातव्यावर माझा दम संपला,
तिची भीती नाही.

म्हटलं, "अगं, सहा दोर असतात वर.
एकानेसुद्धा भागतं."
"मग बाकीचे पाच कशाला?"
याचं उत्तर कंपनीच्या पुस्तकात नाही.

कुणी सांगितलं, ढकला आत,
दोन दिवस रडेल, मग सवय होईल.
शुक्रवारी सुट्टी होती.
आम्ही दोघं लिफ्टसमोर फरशीवर मांडी घालून बसलो.
बटण दाबायचं. दार उघडतं. दार मिटतं.
बस, एवढंच.
नातूर जलालभाई खुर्ची घेऊन आले,
क्रिकेटची मॅच असावी तसे बघत राहिले.

शनिवारी तिची एक चप्पल आत ठेवली.
उजवी, फुलपाखराची.
चप्पल एकटीच नवव्यापर्यंत गेली
आणि परत आली.
सावनीने ती उलटी करून पाहिली,
वास घेतला,
पायात घातली.

मग एक मजला लिफ्टने, दहा जिन्याने.
मग दोन, नऊ.
चौथ्यावर थांबलो तेव्हा माझ्या कानात म्हणाली,
"दार मिटलं आणि आई बाहेरच राहिली तर?"

जानेवारीत आजोबा आजारी म्हणून
आई चिपळूणला गेली होती, बावीस दिवस.
विमानतळावरचं ते काचेचं दार,
आपोआप सरकणारं.
मी आपला इतके दिवस
दोर मोजत होतो.

आता आधी आई आत शिरते,
मग सावनी, मग मी.
नियम म्हणजे नियम; बाकीच्यांनी थांबायचं.
मॉलमधल्या हात वाळवायच्या यंत्राचं
अजून बाकी आहे.
तिथे ती ओले हात माझ्या शर्टाला पुसते.

रात्री भिंतीतून लिफ्टची घरघर येते.
पूर्वी चादर डोक्यावरून असायची.
काल कूस बदलताना,
डोळे न उघडता म्हणाली,
"कुणीतरी घरी आलं."