पाण्यावर नाही

पौष अर्धा सरला, गोधडी अजून पेटीतच.
पहाटे बाजेवर उठून बसतो
तर अंगावर काटा नाही,
माडग्याळच्या माळावरून वारा येतो
तो चुलीपुढून उठून आल्यासारखा.

दव पडलं नाही यंदा. एक रात्र नाही.
कुसळीची पाती कोरडीच्या कोरडी.
बाला त्या पात्यांवर ससा वाचता यायचा:
इथं थबकला, इथं कान टवकारले,
इथून उजवीकडे तीन उड्या, मग घळ.
शाळा त्यानं बाहेरूनच पाहिलेली,
पण ओल्या गवतावरची ओळ कधी चुकला नाही.
आता वाचायला काही नाही.
लाखी, माझी कारवानी कुत्री,
धुळीत नाक घालते, शिंकते,
आणि माझ्याकडे बघते,
जणू मीच वास पुसून ठेवलाय.

शाळू गुडघ्याला येऊन थांबला,
कणीस पोटरीतच अडकलं.
कणीस नाही तर लावे नाहीत,
लावे नाहीत तर भोवत्या
दोन दिवस माळावर घिरट्या घालून
बिऱ्हाड न उतरवताच विजापूरकडे गेला.
संखच्या तलावावर करकोचे आले,
चिखलाच्या भेगांवरून चालले
पायात काही टोचल्यासारखे,
तिसऱ्या सकाळी नव्हते.
खोकडीनं यंदा केस धरलेच नाहीत, बरगड्या मोजून घ्या.
तितर मात्र खुळावलेत.
फाल्गुन लागला समजून आत्ताच जोडीनं ओरडतात.
अंडी घालतील. किडा कुठून आणतील?

शनिवारी रात्री मिरजेहून जीप आली.
शिवगोंडा पाटलांच्या मेहुण्याचा पोरगा, संगमेश.
टपावर बॅटरी, मांडीवर छऱ्याची बंदूक.
"मामा, यंदा ससे कसे आहेत?"
बेदाण्याचा दर विचारावा तसं.

मी दुधानं धुतलेला नाही.
बाची वाघर अजून आढ्याला आहे,
गेल्या माघात दोनदा खाली काढली होती.
म्हणून जे सांगितलं ते सगळं खरं सांगितलं:
दव नाही, माग नाही, कुत्रीला वास नाही,
सापडलाच तर पाठीवर चरबी नाही,
पातेल्यात नुसती हाडं वाजतील.

एवढंच सांगितलं नाही
की डाळिंबात, सातव्या ओळीला,
ठिबकची नळी उंदरानं कुरतडलीय
आणि मी ती बदललेली नाही.
परातीएवढी ओल आहे तिथं.
सगळा माळ रात्री त्या परातीवर येतो.
परवा मोजले: ससे सहा, साळिंदर एक,
ती बरगड्यांची खोकड,
आणि तिच्यात न् सशात दोन हातांचं अंतर,
दोघंही मान खाली घालून.
सकाळी नवाच्या सुमाराला पखुर्ड्या उतरतात,
पोटाची पिसं भिजवतात,
पिल्लांसाठी पाणी अंगावर घेऊन उडतात.

इतकी सोपी शिकार बाला जन्मात मिळाली नव्हती.
वाघर नको, हाकारा नको,
बसल्या जागी दांडकं फेकलं तरी पुरे.
आणि बहात्तर साली, सुकडीवर दिवस काढताना,
झऱ्याच्या कडेला मी दगड उचलला
तेव्हा त्यानंच मनगट धरलं.
पाण्यावर नाही, म्हणाला.
का, विचारलं तर कानाखाली बसली.
कारण अजून कळलेलं नाही.

लाखीनं तेवढ्यात कान उभे केले,
तोंड नेमकं सातव्या ओळीकडे.
मी तिच्या मानेवर हात ठेवला,
जरा जोरातच.
"म्हणजे कोरडंच साल," पोरगा म्हणाला.
"कोरडंच," मी म्हटलं.
उजेड उमदीच्या रस्त्यानं
बाभळी चाचपत गेला.

पहाटे वीज आली, मोटार लावली.
सातव्या ओळीची झाडं
टोकाकडून पिवळी पडायला लागलीत.
आज नाही तर उद्या पाटील विचारतील,
इथं पाणी का बसत नाही रे.
काय सांगायचं ते ठरलेलं नाही.
उन्हाळा अजून यायचाय.