मागची जोडी

वाडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात, भर दुपारी,
टायरच्या उतरंडीपाशी उभी आहे.
नवतपा लागायला अजून चार दिवस,
आणि डांबर आत्ताच चप्पल सोडत नाही.

गफूरभाईंनी गोणपाटाखालून दोन जोड्या काढल्या.
एक पुण्याहून आलेली, साफ गुळगुळीत,
अंगावर एक रेघ नाही.
दुसरी रेडियल, नावापुरत्या चार खाचा,
पाऊस आला तर घरी परतता येईल एवढ्या.

"कोनती बांधू?"
मी नख रुतवून पाहिलं. खूण राहिली.
वास घेतला.
"बाई, खरबूज घेऊन राहिली का?"

खरं तर तसंच.

हिशेब वहीत आहे, ग्रीसच्या बोटांचा.
कॉन्टेसा, मागचं सीट उपटलेलं,
खिडक्यांना काचेऐवजी प्लॅस्टिक.
टायर उंच घेतला तर शेवटी वेग,
पण सुटताना गाडी आळस देते.
रुंद घेतला तर मडगार्डला घासतो.
तितरमारे हातोडी घेऊन तयारच आहे,
कुठलीही कड त्याला आत वळवता येते,
स्वतःच्या तोंडाची सोडून.
आणि फारच रुंद घेतला,
तर इंजिनाचा अर्धा दम
ते ओझं फिरवण्यातच जातो.

हवा चौदा पौंड. सायकलीतही जास्त भरतात.
दिवा हिरवा झाला की बाजू चुरगळली पाहिजे,
गादीवर कोणी धपकन बसावं तशी,
आणि मग त्या सुरकुतीतूनच
गाडीला ढकललं पाहिजे पुढे.
चुरगळतच नाही ते टायर
जागच्या जागी धूर करतं, टाळ्या घेतं
आणि हरतं.

बाबा हिंगण्याला रिमोल्डच्या कारखान्यात होते.
एकोणतीस वर्षं झिजलेल्या टायरांवर
नवा पट्टा चढवला त्यांनी.
त्यांच्या बनियनला गंधकाचा वास यायचा,
रविवारीसुद्धा.
टायरला त्यांचा एकच प्रश्न असतो.
सकाळी चहाच्या वेळी तोच विचारला.

"किती चालंन?"
बारा सेकंद, मी म्हटलं.
"आन मंग?"
मग परत बारा सेकंद. अशा चाळीस खेपा,
नशीब असलं तर.
त्यांनी बशी खाली ठेवली. ओठ हलवत गुणाकार केला.
चाळीस वेळा पाव मैल.
"म्हंजे बर्डीवरून कामठी."
हो.
"अठरा हजारात?"
हो.
"ऑटो सस्ता पडंन, बाप्पा."

दुपारी मात्र आले माझ्या मागे, स्कूटरवर,
डोक्याला ओला दुपट्टा बांधून.
गुळगुळीत टायरवरून तळवा फिरवला,
उलटा, सुलटा,
जिथे ते पट्टा चिकटवायचे तिथे थांबले.
"याले दुसरा जनम नाही," म्हणाले.
गफूरभाई पैसे मोजत होते. मधेच थांबले,
पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

मी गुळगुळीतच घेतली.
का, ते वहीत सापडणार नाही.
रेडियलमध्ये घरी परतायची सोय होती,
एवढंच मला आठवतं.

रविवारी बुटीबोरीच्या पुढे, बंद कारखान्याचा सरळ रस्ता,
मालकाची चिठ्ठी घेऊन, दोन्ही टोकांना दोर बांधून.
साडेपाच. हवेत अजून कालचा ताप.
बाबांनी खिशातून खडू काढला,
रिमपासून टायरपर्यंत एक रेघ ओढली,
दोन्ही चाकांवर,
न विचारता.

नंतरचं मला फारसं दिसलं नाही.
मान मागे गेली, नाकाडावरचं बोनेट वर आलं,
आणि बारा सेकंद कुणीतरी
दार जोरात ओढून लावत राहिलं.

थांबले तेव्हा तितरमारे ओरडत पळत येत होता.
बाबा त्याच्या मागून, चालत.
ते चाकापाशी उकिडवे बसले.
रेघ तुटली होती.
रिमवरचा तुकडा पुढे निघून गेलेला,
टायरवरचा दोन बोटं मागे.

वेळ किती आली, हे त्यांनी विचारलं नाही.
अंगठ्याला थुंकी लावून जुनी रेघ पुसली,
खडूचं टोक फुंकलं,
आणि पुन्हा ओढली, सरळ.