प्लॉट चौदा

आमच्या गावाचा नकाशा सहा रंगांत आहे.
पिवळ्यात माणसं झोपतात, लालमध्ये खरेदी करतात,
आणि रुळांपलीकडचा फिकट जांभळा पट्टा,
थेट एरी सरोवराच्या वाऱ्याला भिडलेला,
तो हलक्या उद्योगांचा.
तिथे काय चालतं आणि काय नाही
हे सांगण्याचा मला पगार मिळतो.

तिथे पाव भाजता येतो, बसून खाता येत नाही.
चारच्या वर पाचवी खुर्ची आली की ते उपाहारगृह.
कुत्र्यांना आंघोळ घालता येते,
रात्री ठेवून घेता येत नाही.
बिअर गाळता येते; चाखवायची असेल तर परिशिष्ट ब.
शवपेट्या बनवता येतात,
अंत्यविधी करता येत नाही.
आवाज कुंपणापाशी पासष्ट डेसिबल,
वास कुंपणाच्या आत,
हादरा उघड्या तळपायाला जाणवता कामा नये.
असंच लिहिलंय. कुणाच्या तळपायाला, ते नाही.

राहता येत नाही.
एवढं आखूड कलम आमच्या पुस्तकात दुसरं नाही.

तक्रार टायरवाल्या ड्वेन स्टकीची:
शेजारी, प्लॉट चौदा, रात्री दोनला खिडकीत उजेड
आणि किटलीची शिट्टी.
डेसिबल किती, मी विचारलं.
किटलीएवढे, तो म्हणाला.

फेब्रुवारी होता. बर्फ गुडघाभर. तपासणीला मीच गेले.
तेओफिल बानाख, वय एकाहत्तर,
दार उघडण्याआधी त्यानं हातावरचा भुसा झटकला,
जसं काही मी पाहुणी.
भिंतीला टेकलेल्या अक्रोडाच्या फळ्या,
बारा पेट्या, झाकणं उघडी, आत अजून कापड नाही,
आणि मागे रंद्याच्या यंत्राआड
लोखंडी खाट, घडी घातलेलं पांघरूण, दोन उशा.
दोन कशाला, हे विचारायला माझ्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

घर दवाखान्यानं खाल्लं, तो म्हणाला.
उरलं त्याचा अक्रोड घेतला.
इरेनाची पेटी मात्र पाइनची केली.
तिनंच बजावलं होतं, चांगलं लाकूड गिऱ्हाइकांना ठेव.
मी खिडकीची लांबीरुंदी लिहून घेतली.
काहीतरी लिहायला हवंच होतं.

त्या रात्री घरी पुस्तक चाळताना
पान दोनशे अकरावर सापडलं, मीच टाइप केलेलं कधीतरी:
रखवालदाराची खोली,
मुख्य वापरास आनुषंगिक, चारशे चौरस फुटांपर्यंत.

सुनावणी नगरभवनाच्या तळघरात. पाच सभासद, एक बिघडलेला हीटर.
अध्यक्ष लिंडक्विस्टबाईंनी चष्मा काढून विचारलं,
रखवाली कशाची, मिस्टर बानाख?
रिकाम्या पेट्या कोण चोरतं?
चोर नाही, तो म्हणाला. थंडी.
शेगडी विझली की सांधे उकलतात.
अक्रोड तडकतो तो रात्रीच. बारीक आवाज होतो.
मला झोपेतही ओळखू येतो.

वकिलानं मान वर केली:
रखवालदार झोपून रखवाली करतो, अशी नोंद घ्यायची का?
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले,
बानाख सोडून.
चार विरुद्ध एक.

अटी मी टाइप केल्या.
स्वयंपाकाला एकच शेगडी.
पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून वापरू नये.
खाट एक.
उशांबद्दल मी काही घातलं नाही,
कुणी विचारलंही नाही.

मार्चात बर्फ काळं पडलं तेव्हा
ड्वेन स्टकी खिडकीशी उभा. दाढी वाढलेली,
शर्टाला दोन दिवसांच्या घड्या.
मला वाटलं, पुन्हा किटली.
तो बराच वेळ भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिला,
पिवळ्या भागातल्या कुठल्यातरी एका चौकोनाकडे.
मग हळूच विचारलं,
टायरनाही रात्री काही होतं का हो,
म्हणजे, थंडीनं?

रबर आहे, मी म्हटलं. तडा जाऊ शकतो.
आणि फॉर्म सरकवला.
पंचाहत्तर डॉलर. परत मिळत नाहीत.