शेऱ्याचा रकाना

वजन, उंची, दंडाचा घेर, डोस,
अन् सगळ्यात शेवटी शेरा. बोटभर रुंद.
एकवीस वर्षं त्यात मी
‘गोवर’, ‘आजोळी’, ‘आईसोबत ऊसतोडीला’
एवढंच लिहीत आले.

मग संबोधी आली.
डब्याचं झाकण फरशीवर गरकन फिरवायची
अन् ते थरथरून निजेपर्यंत
हाकेला ओ नाही, लाडूला हात नाही.
लिहिलं : ऐकू येतं, वळत नाही.

दुसऱ्या वर्षी अर्शान.
दाराबाहेरच्या चपला लहान-मोठ्या लावतो,
एखादं लेकरू लवकर घरी गेलं
की ओळीत पडलेल्या भोकापाशी बसून रडतो.
औंदा आणखी दोन. त्यातला वेदांग
सगळे थांबे म्हणतो, कंडक्टरच्या आवाजात.
त्याची आई त्याच्यापुढं उकिडवी बसते,
‘राजा, एकदा आई म्हण.’
‘मंठा,’ तो म्हणतो. ‘मंठा, मंठा. सुट्टे द्या.’
ती आधी हसते. मग पदर.

सेलूच्या बैठकीत मॅडमनी विचारलं,
तुमच्याच अंगणवाडीत कसे वाढले हो?
जणू मीच दूध उघडं ठेवलं होतं.
गावाकडं उत्तरं तयार आहेत :
मोबाईल, फवारणी,
गरवारपणी पाळलं नाही ते गिऱ्हाण,
सुनेच्या माहेरचं रक्त.
परभणीच्या डॉक्टरनं एक शब्द लिहून दिला,
पुढची तारीख तीन महिन्यांनी.
संबोधीच्या आईनं तो कागद दस्तीत बांधून आणला,
‘वाचा न बाई, बरं होतंय का ह्यानं?’
स्वमग्न.
मी मोठ्यानं वाचला.
तिनं परत एकदा वाचायला लावला.

वाढलेत का? वाढलेही असतील.
पण मला मोंढ्यातला लिंबाजी आठवतो.
पोतं नुसतं पाहून किलो सांगायचा,
माणसाकडं मात्र बघायचा नाही.
येडा लिंबाजी.
शाळेतून येताना आम्ही त्याला दगड मारायचो.
माझा एक त्याच्या कानावर लागला.
त्यानं तो उचलला,
आधीच्या दगडांच्या रांगेत नीट लावला
अन् पुढच्याची वाट पाहत बसला.
कुठल्याच वहीत नव्हता तो.
शेरा तर लांबच.

काल मीही एक झाकण घेतलं,
संबोधीशेजारी मांडी घातली, फिरवलं.
माझं आधी पडलं.
तिनं माझ्याकडं पाहिलं नाही,
झाकणाकडं पाहिलं.
उचललं, अन् हातात नाही,
हाताजवळ आणून ठेवलं.
पुन्हा फिरवलं मी. पुन्हा.
आत खिचडी करपत होती,
मदतनीस माझ्या नावानं ओरडत होती,
ऐकू येत होतं मला.
वळत नव्हते.