वाजवून

मरहून म्हणजे गहाण. त्यानंच सांगितलं
पहिल्या शुक्रवारी, खजुराच्या सावलीत कॉफी ओतताना.
आधीची तीन गेली म्हणून आईनं असं नाव ठेवलं;
गहाण वस्तू कोण उचलून नेतं?
आमच्यात धोंडू ठेवतात, मी म्हटलं.

सहमच्या किनाऱ्यापासून कोसभर आत ही बाग.
मालक मस्कतला. मरहून तिसऱ्या पिढीचं कूळ.
मी शटरिंगचा सुतार. आठवडाभर प्लायवूड,
ज्याला कापताना नुसता गोंदाचा वास येतो.

त्या दिवशी त्याच्या कुदळीचा दांडा मोडला.
रात्रीच्या शमालनं गाफची एक फांदी उतरवलेली,
अर्धी वाळूवर, अर्धी सालीला लोंबत.
पाला चुरगाळून पाहिला: गाफ म्हणजे आपली शमी.
आपण तिच्यात शस्त्रं लपवली,
हे तिच्यातून अवजारं काढतात.

आण कुऱ्हाड, म्हटलं, दोन घावांचं काम.
तो हसला नाही. बोटं मोडत म्हणाला,
पडलेलं चुलीला, न विचारता.
उभं वाळलेलं अवजाराला. दांडा, नांगराचं रुमणं,
मोटेचं चाक. दाराला नाही, विकायला तर नाहीच.
ओलं कुणालाच नाही.
आणि लोंबतं असेल तर वाजवून.

वाजवून म्हणजे?

म्हणजे दिवसाउजेडी,
घाव मालकाच्या ओट्यावर ऐकू गेले पाहिजेत.
गुपचूप तोडलं ती चोरी,
वाजवून तोडलं तो हक्क.
कुठे लिहिलंय?
त्यानं स्वतःच्या कानाला बोट लावलं.

माझ्या बापालाही होतं असं काहीसं.
खळ्यावर कडब्याचे दोन पाचुंदे,
आणि बांधावरची बाभूळ पडली की बुंधा सुताराचा.
कुणी बंद केलं नाही ते.
लोखंडी नांगर आला, एवढंच.

मस्कत दोनशे किलोमीटर.
मरहूननं फोन लावला, स्पीकर चालू केला,
खोडापाशी दगडावर ठेवला, आणि घाव घातला.
एक. थांबला. दोन.
पलीकडे गाडीचा हॉर्न, कुठलंसं पोर रडतंय,
मग तिसऱ्याला एक पेंगुळलेला आवाज:
ऐकलं, मरहून. ऐकलं.

दांडा मी घडवला. लाकूड लालसर, चिवट,
रंध्याशी वाद घालत सुटणारं.
उरला वीतभर तुकडा. तो त्यानं माझ्या हातात दिला,
सुताराचा, म्हणाला.
बापाचं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

कॅम्पच्या फाटकावर रात्री झडती असते.
वॉचमन गुरुङनं खिसा चाचपला.
हे काय? कुणाचं? पावती?

मी तो तुकडा लोखंडी फाटकावर आपटला,
तीनदा, मोठ्यानं.
वरच्या मजल्यावर दोन-तीन दिवे लागले.