खाली वजन

जालन्याचा सरकारी दवाखाना, खोली नंबर चौदा.
टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली कुणाच्या तरी केसपेपरची घडी.
समोर मुंजाजी. वय अडतीस.
एमआयडीसीत भंगाराच्या वजनकाट्यावर बारा तास.

मी विचारते, फॉर्मात आहे तसंच :
गेल्या तीन महिन्यांत किती वेळा?
कधीच नाही, एक-दोनदा, महिन्याला, आठवड्याला, रोज.
तो म्हणतो, दारूला शिवलो नाही मॅडम.
गुटखा सोडला मागच्या पोळ्याला, पोरीची शपथ घेऊन.
मी शून्य लिहिते. शून्य. गुटख्याचे जुने तीन. पुन्हा शून्य.
इतका निर्व्यसनी माणूस
या महिन्यात आला नव्हता माझ्याकडे.

आणि रम्मी?
ते तर मोबाइलवर खेळायलो, तो म्हणतो,
आणि खिडकीबाहेर बघत राहतो.
कडुलिंबाखाली कुणीतरी स्कूटरला किक मारतंय,
मारतंय.

रम्मीला रकाना नाही.
‘इतर’ आहे. अडीच बोटं मोकळी जागा.

सत्यभामा मघापासून दाराशी उभी.
तिला मी काहीच विचारलेलं नाही.
ती म्हणते, ताई, मला आकडे कळत नाहीत,
मी हात लावून बघते.
हे झोपले की उशीखालचा फोन चाचपते,
तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा
उलटा हात.
कोमट लागला तर बारा वाजेपर्यंत.
चटका बसला तर पहाट झाली म्हणायची.
परवा हातात धरवेना.
तेव्हाच समजले, डोरल्यातले मणी गेले.

मुंजाजी खाली बघतो. बराच वेळ.
मग म्हणतो, काट्यावर गाडी दोनदा मोजतात.
एकदा भरलेली, एकदा खाली.
वजा करून राहील तो माल.
रोज शंभर गाड्या मोजायलो मी.
माझी खाली गाडी कुणी मोजलीच नाही, मॅडम.
हे काढून टाकलं तर माझं किती भरंल,
मला तरी काय ठाऊक.

बेरीज तीन.
तीन म्हणजे कमी धोका. पत्रक द्या, घरी पाठवा.
कॉम्प्युटर त्या चौकोनात फक्त आकडा घेतो,
शब्द टाकला की लाल होतो.
मी तीन टाकते.

मग कागदावर, ‘इतर’च्या पुढे, पेनाने :
ताप आहे. रात्री दोनला, बायकोच्या उलट्या हाताने पाहिलेला.
मंगळवारी पुन्हा.
दोघांनाही.