भुशाचं बेट

महूच्या सैनिकी शाळेत नाना बेटं करायचे.
समुद्र त्यांनी पाहिला नव्हता;
त्यांच्या लेखी सगळ्यात मोठं पाणी
म्हणजे यशवंतसागर.

सियागंजातून पुडीत आणलेला हिरवा रंग,
मल्हारगंजच्या वखारीतला भुसा,
आणि खारफुटीसाठी
आईच्या वेलावरच्या घोसाळ्यांची वाळलेली जाळी.
गच्चीभर जंगल उन्हात पडलेलं असे.
पोह्यांच्या बशीला त्यांची हिरवी नखं लागत.

मग चाळीस अधिकारी टेबलाभोवती उभे राहत
आणि छडीचं टोक खाडीतून टेकडीवर पोचे
दीड सेकंदात.

एकदा एक निवृत्त सुभेदार आले, धोंडजी सुर्वे,
अराकानकडच्या कुठल्याशा बेटावर
अकरा दिवस काढलेले.
टेबलाला एक फेरी घातली. वाकले. हुंगलं.
"काम सुबक आहे," म्हणाले,
"पण एवढं दिसत नसतं हो."
आणि दिवे घालवायला लावले.

अंधारात नुसता आवाज :
"पुढच्याचा पट्टा धरा. बोलायचं नाही.
पाणी कमरेला आहे.
तो थांबला तर का थांबला, विचारायचं नाही."

कोणी खोकलंसुद्धा नाही, नाना सांगत.
किती वेळ गेला कोण जाणे.
दिवे लागले तेव्हा
नानांच्या मुठीत खरंच एक पट्टा होता,
कर्नलसाहेबांचा.
तेही काही बोलले नाहीत.

त्या रात्री घरी आल्यावर
नाना ओसरीवर बसून
पायमोजे उलटे करकरून बघत होते,
जळवांसाठी.
इंदुरात.
ऐन मार्गशीर्षात.